ऑर्केस्ट्रा बाओबाब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाकारच्या या बँडचं गाणं लावलं की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे क्युबाचं आहे का?" आफ्रिकेचं आहे म्हटलं की मग पुढचे प्रश्न सुरू होतात. भाषा कोणती, गिटार कोण वाजवतंय, हे लोक अजून आहेत का, ऐकायला सुरुवात कुठून करू. त्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

ऑर्केस्ट्रा बाओबाब म्हणजे नेमकं काय?

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, १९७० साली उभा राहिलेला नाचाच्या संगीताचा बँड. मुख्य गिटार, साथीची गिटार, बेस, सॅक्सोफोन, ड्रम, कोंगा आणि टिंबालेस ही क्युबन तालवाद्यं, आणि यांच्यापुढे आळीपाळीने गाणारे चार-पाच गायक. कोणी एक 'स्टार' आणि बाकी साथीदार, अशी रचना या बँडमध्ये कधीच नव्हती. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर बँड विस्कटला, २००१मध्ये पुन्हा एकत्र आला, आणि मूळ मंडळींपैकी बहुतेक जण गेल्यानंतरही चालू राहिला.

नाव कशावरून पडलं?

ज्या नाइट क्लबसाठी बँड उभा केला, त्या क्लब बाओबाबवरून. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. मुंबईत राणीच्या बागेत किंवा वसईत तिचं अवाढव्य खोड तुम्ही पाहिलं असेल. हे झाड मूळचं आफ्रिकेचं, आपल्या किनाऱ्यावर ते समुद्रमार्गे आलं. सेनेगलच्या राजमुद्रेवर ते सिंहाच्या शेजारी आहे.

सुरुवात कशी झाली?

सरळ सांगायचं तर दुसऱ्याचे वादक फोडून.

१९६०मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला. त्याच सुमारास डाकारमध्ये इब्रा कासे यांच्या मियामी क्लबचा स्टार बँड नावारूपाला आला. साठच्या दशकात शहरातला नाच म्हणजे स्टार बँड, असं समीकरण होतं. १९७०मध्ये काही व्यापारी आणि राजकारणी मंडळींनी शहराच्या उच्चभ्रू भागात नवा क्लब काढला. त्यांत राष्ट्राध्यक्ष लिओपोल सेदार सेंघोर यांचे नातलग अॅड्रिएन सेंघोर होते. क्लबला स्वतःचा बँड हवा होता, आणि तयार वादक मिळण्याची जागा एकच होती. बाला सिदिबे, रूडी गोमिस, बार्थेलेमी अतिसो यांच्यासारखी मंडळी तिकडून इकडे आली.

हे समजून घ्यायला हवं, कारण बँडचा पुढचा बराचसा स्वभाव इथेच ठरला. श्रोते होते मंत्री, वकील, बडे अधिकारी, परदेशी राजनैतिक प्रतिनिधी. त्यांना रोज रात्री उशिरापर्यंत नाचायचं असायचं, पण दमछाक होईल असं नव्हे. शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू यायला हवं, जोडीदाराचा हात हातात ठेवून पावलं टाकता यायला हवीत. त्यामुळे बँडची लय सैल आणि ऐसपैस राहिली. गाणं सात-आठ मिनिटं चाललं तरी कोणाला घाई नसायची. पुढे जगभरच्या श्रोत्यांना जी 'निवांत' चाल आवडली, ती या नोकरीतून घडली आहे.

या बँडमध्ये कोण कुठून आलं होतं?

माझ्या मते या बँडचं सगळं मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर.

सेनेगलच्या नकाशावर मधोमध गांबिया हा चिंचोळा देश घुसलेला आहे. त्याच्या दक्षिणेला जो हिरवागार, पाऊसपाण्याचा प्रदेश उरतो तो कासामान्स. बाला सिदिबे आणि रूडी गोमिस तिकडचे. कासामान्सला लागून गिनी-बिसाऊ आहे, जी पोर्तुगीजांची वसाहत होती. म्हणून त्या भागात पोर्तुगीज क्रिओल ही मिश्र भाषा सर्रास बोलली जाते, शिवाय मंडिंका आणि जोला भाषा आहेतच. बाला सिदिबे आधी पोलिसात होते. बँडमध्ये ते गायचे आणि टिंबालेसही वाजवायचे.

मुख्य गिटारवादक बार्थेलेमी अतिसो तर सेनेगलचेही नव्हते. ते टोगोचे, लोमे शहरातले. डाकारला आले ते कायदा शिकायला, आणि शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून रात्री क्लबमध्ये गिटार वाजवू लागले. गिटार त्यांना कोणी शिकवलेली नव्हती, स्वतःच शिकले. साथीची गिटार वाजवणारे लत्फी बेनजलून यांचं घराणं मूळचं मोरोक्कोचं. क्लॅरिनेट वाजवणारे पीटर उडो नायजेरियाचे. सॅक्सोफोनवाले इसा सिसोको मंडिंका ग्रिओ घराण्यातले. गायक लाये म्बुप, न्जुगा जेंग आणि चोन सेक हे वोलोफ गायकीतले, म्हणजे डाकार आणि उत्तरेकडच्या प्रदेशाची जी मुख्य भाषा आहे तिच्यातले.

आता कल्पना करा: दहा-बारा माणसं, निदान चार देश, सहा-सात भाषा. यातल्या कोणालाही स्वतःची भाषा किंवा गायकी सोडायला लावली नाही. गोमिस क्रिओलमध्ये गायचे, म्बुप वोलोफमध्ये, सिदिबे मंडिंकामध्ये, आणि खाली गिटार-बेसचा तोच पाया सगळ्यांना सांभाळून घ्यायचा. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात 'आपण सगळे एक' असं भाषणातून सांगणारे पुष्कळ होते. हे लोक ते रोज रात्री प्रत्यक्ष करत होते आणि वर लोकांना नाचवतही होते.

ग्रिओ म्हणजे कोण?

वंशपरंपरेने गाणारे, कुळांचा इतिहास तोंडपाठ ठेवणारे, स्तुती करणारे आणि प्रसंगी राजालाही चार शब्द सुनावणारे लोक. पश्चिम आफ्रिकेत हा जन्माने मिळणारा व्यवसाय आहे. सेनेगलच्या काही भागांत ग्रिओ वारला की त्याला जमिनीत न पुरता गोरखचिंचेच्या पोकळ खोडात ठेवण्याची जुनी प्रथा होती.

बाओबाबमध्ये हा वारसा आणला लाये म्बुप यांनी. ते डाकारच्या डॅनिएल सोरानो राष्ट्रीय नाट्यगृहाच्या संचातही गात. त्यांचा आवाज टिपेचा, किंचित सानुनासिक, अजान आणि स्तुतिगायन या दोन्हींचे संस्कार असलेला. क्युबन ठेक्यावर असा आवाज चढवणं हे त्या काळी धाडसाचं होतं. १९७०च्या दशकाच्या मध्यावर मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची जागा घ्यायला न्जुगा जेंग आणि अगदी तरुण चोन सेक आले. म्बुप यांची गाणी बँडने कधीच टाकली नाहीत. २००२ आणि २००७च्या अल्बममध्येही ती नव्याने गायली आहेत.

क्युबाचं संगीत डाकारमध्ये पोहोचलं कसं?

दोन मार्गांनी, आणि दोन्ही समुद्रातून.

पहिला मार्ग सगळ्यात जुना आणि सगळ्यात क्रूर. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून शेकडो वर्षं माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली. क्युबात त्यांच्या ठेक्यांची आणि स्पॅनिश गाण्यांची सांगड पडली, आणि त्यातून सोन, रुम्बा असे प्रकार जन्मले. डाकारच्या समोर, बोटीने थोड्या अंतरावर असलेलं गोरे बेट त्या व्यापाराची आठवण जपून आहे.

दुसरा मार्ग तबकड्यांचा. १९३३पासून 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने 'जीव्ही' क्रमांकांची एक मालिका खास आफ्रिकेच्या बाजारासाठी काढली. तिच्यात क्युबन आणि इतर लॅटिन ध्वनिमुद्रणं पुन्हा छापलेली होती. भोंग्यासमोर कुत्रा बसलेला तोच शिक्का, जो आपल्याकडे नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्यांवर असायचा. बंदरावर उतरणारे खलाशीही तबकड्या आणायचे. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना त्या ऐकून परकं काही वाटलं नाही. भाषा कळत नव्हती, पण ठेका पायाला ओळखीचा होता.

शिवाय एक सामाजिक कारण होतं, ते विसरू नये. फ्रेंचांच्या वसाहतीत आधुनिक, शहरी, झोकदार असण्याचं प्रमाणपत्र फ्रेंच संस्कृतीकडूनच मिळायचं. क्युबन संगीत शहरी होतं, नव्या वाद्यांचं होतं, आणि तरी गोऱ्या मालकाचं नव्हतं. काळ्या माणसांनी घडवलेली ही आधुनिकता डाकारच्या तरुणांना भावली. पन्नाशी-साठीच्या दशकांत तिथले गायक स्पॅनिश शब्द नुसत्या उच्चारावरून पाठ करून गायचे.

मग हा क्युबन संगीताची नक्कल करणारा बँड आहे का?

नाही. पाया तिकडचा घेतला, घर स्वतःचं बांधलं. बाओबाबच्या गाण्यात ठेका चा-चा-चाचा किंवा सोनचा असेल, पण सूर लावण्याची पद्धत, गायकाने ओळ लांबवण्याची रीत, स्तुतीची आणि उपदेशाची भाषा, गिटारची कोरासारखी झरझर, हे सगळं पश्चिम आफ्रिकेचं आहे. कोरा म्हणजे भोपळ्याच्या तुंब्यावर बसवलेलं २१ तारांचं तिथलं वाद्य. ज्या काळात डाकारचे बाकी बँड स्पॅनिश गाण्यांवर भागवत होते, त्या काळात बाओबाबने वोलोफ, मंडिंका आणि क्रिओल गाणी क्लबच्या मंचावर मानाने आणली.

गाणी कशाबद्दल असतात?

प्रेम आहेच, पण तेवढंच नाही. 'दे मो वोर' हे गाणं सांगतं की मृत्यू तेवढा निश्चित आहे, आणि त्याच्यावरही लोक नाचतात. 'मोहमदू बांबा' हे शेख अमदू बांबा यांचं स्तवन आहे. त्यांनी मुरीद हा सूफी पंथ स्थापन केला. त्यांच्या वाढत्या प्रभावाला घाबरून फ्रेंचांनी १८९५मध्ये त्यांना गाबोनला हद्दपार केलं, आणि १९०२पर्यंत परत येऊ दिलं नाही. तुबा गावात त्यांची समाधी आहे आणि दर वर्षी तिथे लाखोंची यात्रा भरते. रात्रीच्या क्लबमध्ये वाजणाऱ्या बँडने संताचं गाणं गावं यात सेनेगलमध्ये कोणाला विसंगती वाटत नाही. २००७च्या अल्बममधलं 'काब्राल' हे गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांच्यावर आहे. क्रिओल बोलणाऱ्या कासामान्सला हा माणूस परका नव्हता.

अतिसोंच्या गिटारबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण ती ऐकल्यावर दुसऱ्या कोणाची म्हणून ओळखता येत नाही.

'उत्रुस ओरास' हे गाणं घ्या. क्रिओलमधलं, रूडी गोमिस यांच्या आवाजातलं, १९८२चं ध्वनिमुद्रण. बेस हळू चालतो, तालवाद्यं मागे राहून हलकी थाप देतात, गोमिस एक-दोन ओळी म्हणून थांबतात. मग अतिसो सुरू होतात. सुरुवातीला दोन-तीन स्वरांचे छोटे तुकडे, प्रत्येक तुकड्यानंतर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत स्वराचा प्रतिध्वनी विरत जातो आणि तो पुरता विरण्याआधी पुढचा तुकडा येतो. नंतर तुकडे लांबत जातात, वर चढतात, एखादा स्वर मुद्दाम उशिरा पडतो. इसा सिसोकोंचा सॅक्सोफोन आला की दोघांत सवाल-जवाब रंगतो. फरक एवढाच की इथे कोणाला जिंकायचं नसतं. वेग शेवटपर्यंत वाढत नाही. एवढ्या संथ गाण्यात ऐकणारा आठ मिनिटं खिळून राहतो, हे अतिसोंचं कर्तृत्व.

इतका चांगला बँड बंद का पडला?

१९७९मध्ये क्लब बाओबाब बंद झाला. बँड न्गालाम नावाच्या दुसऱ्या क्लबमध्ये गेला, ध्वनिमुद्रणंही चालू होती. १९७८मध्ये पॅरिसला जाऊन त्यांनी गाणी मुद्रित केली होती, आणि १९८२ची ध्वनिमुद्रणं तर आज त्यांचं सर्वोत्तम काम मानली जातात. म्हणजे वादन उतरणीला लागल्यामुळे बँड बंद पडला, असं मुळीच नाही. शहर बदललं.

डाकारच्या मेदिना वस्तीतला युसू न्दूर नावाचा मुलगा किशोरवयात त्याच जुन्या स्टार बँडमध्ये गायला लागला आणि थोड्याच वर्षांत साथीदारांसह बाहेर पडून एत्वाल द डाकार या बँडमधून पुढे आला. त्यांच्या संगीताला म्बालाख म्हणतात. त्यात साबार ढोल आणि काखेत दाबून बोलतं करायचा तामा पुढे असतात, गाणं वोलोफमध्ये, वेग झपाट्याचा. साबारच्या ठेक्यावर जोडीने संथ नाचता येत नाही. तिथे वर्तुळात उडी घेऊन अंग झोकून द्यावं लागतं. गावाकडून शहरात आलेल्या, फ्रेंच शाळेत फारसं न शिकलेल्या तरुण पिढीला हे आपलं वाटलं. दुष्काळांनी खेडी मोडकळीला आली होती, भुईमुगावर उभी असलेली अर्थव्यवस्था डगमगत होती, आणि मंत्र्या-वकिलांच्या क्लबचं संगीत या तरुणांना जुन्या साहेबी जगाचं वाटू लागलं होतं.

यातली मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट ही, की वोलोफ गायकीला नाचाच्या बँडमध्ये मान मिळवून देणाऱ्यांत लाये म्बुप आणि बाओबाब आघाडीवर होते. म्बालाख ज्या दारातून आत आलं ते दार उघडायला यांनीच हात लावला होता. १९८०चं दशक अर्धं उलटल्यावर काम मिळेनासं झालं आणि मंडळी पांगली.

पांगल्यावर कोण काय करत होतं?

अतिसो लोमेला परतले आणि वकिली करू लागले. मेदून जालो हे गायक आफ्रिकांदोमध्ये गेले. आफ्रिकन गायक आणि न्यू यॉर्कचे साल्सा वादक यांचा तो संयुक्त बँड. चोन सेक तर आधीच बाहेर पडले होते आणि राम दान हा स्वतःचा बँड चालवून म्बालाखमधलं मोठं नाव झाले.

'पायरेट्स चॉइस' हा अल्बम इतका महत्त्वाचा का?

कारण त्याने बँड नसताना बँडचं नाव जिवंत ठेवलं. लंडनच्या वर्ल्ड सर्किट कंपनीने १९८९मध्ये, १९८२च्या ध्वनिमुद्रणातली सहा गाणी या नावाने काढली. तोवर डाकारमध्ये बाओबाबची कोणी फारशी आठवण काढत नव्हतं. युरोपात मात्र हा अल्बम कानोकानी पसरत गेला. २००१मध्ये आणखी सहा गाण्यांची भर घालून तो दोन तबकड्यांत पुन्हा आला, आणि 'हे लोक आता कुठे आहेत?' असं विचारणारे इतके झाले की उत्तर शोधणं भाग पडलं.

पुन्हा एकत्र कसे आले?

वर्ल्ड सर्किटचे निक गोल्ड यांनी पुढाकार घेतला. १९९६मध्ये हवानात मालीचे आणि क्युबाचे वादक एकत्र आणायचा बेत त्यांनी आखला होता. मालीचे वादक पोहोचू शकले नाहीत, आणि तिथे जमलेल्या जुन्या क्युबन मंडळींना घेऊन जे ध्वनिमुद्रण झालं ते 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब' म्हणून जगभर गाजलं. म्हाताऱ्या वादकांचं संथ, कसदार संगीत ऐकायला लोक उत्सुक आहेत हे त्यातून दिसलं होतं. मग आफ्रिकेच्या बाजूने त्याच नात्याचा दुसरा धागा पकडणारे बाओबाब नजरेसमोर येणं साहजिक होतं.

अडचण अतिसोंची होती. वकिलीत गुंतलेल्या या माणसाने कित्येक वर्षं गिटारला हात लावला नव्हता. त्यांनी पुन्हा रियाज सुरू केला. मे २००१मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात बँड मंचावर आला. लाये म्बुप आणि चोन सेक यांच्या जागी असान म्बुप हा तरुण गायक होता, बाकी पुढची फळी जुनीच. पुढच्या वर्षी, २००२मध्ये, 'स्पेशालिस्ट इन ऑल स्टाइल्स' हा अल्बम आला.

त्या अल्बमची निर्मिती खरंच युसू न्दूर यांनी केली?

हो, निक गोल्ड यांच्यासोबत. ज्यांच्या संगीताने बाओबाबला डाकारच्या मंचावरून खाली उतरवलं होतं, त्याच न्दूर यांनी त्यांना परत उभं करायला हात दिला. स्वतःच्या शहरातल्या ज्येष्ठांचं ऋण त्यांनी उघडपणे मान्य केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

याच अल्बममध्ये 'उत्रुस ओरास' नव्या रूपात आहे, 'ओमाज अ तोंतों फेरेर' या नावाने. ब्युएना व्हिस्टाचे इब्राहिम फेरेर स्वतः त्यात गायले आहेत आणि युसू न्दूरही. एका बाजूला हवानाचा म्हातारा गायक, दुसऱ्या बाजूला म्बालाखचा राजा, आणि मधे अतिसोंची गिटार. इतक्या दशकांचा प्रवास एका गाण्यात ऐकायचा असेल तर हे ऐका. फेरेर २००५मध्ये वारले.

त्यानंतर काय काय केलं?

२००७मध्ये 'मेड इन डाकार', नावाप्रमाणे डाकारमध्येच मुद्रित केलेला. दरम्यान युरोप-अमेरिकेचे दौरे. मग दहा वर्षांचा खंड आणि २०१७मध्ये 'ट्रिब्यूट टू न्जुगा जेंग'. न्जुगा जेंग नोव्हेंबर २०१६मध्ये गेले, अल्बम त्यांच्या नावाने काढला. या अल्बममध्ये अतिसो नाहीत. त्यांच्या जागी बेनिनचा गिटारवादक आहे, आणि कोराही आला आहे. चोन सेक इतक्या वर्षांनी पाहुणे गायक म्हणून परतले, सेनेगली गायक शेख लो यांनीही एक गाणं गायलं.

गिटारऐवजी कोरा पुढे आल्यामुळे बँडचा पोत बदलला आहे. काहींना हे रुचलं नाही. मला वाटतं, अतिसोंची नक्कल करणारा गिटारवादक शोधण्यापेक्षा त्यांनी केलं ते फार योग्य होतं.

जुन्यांपैकी आता कोण आहेत?

इसा सिसोको २०१९मध्ये गेले. बाला सिदिबे जुलै २०२०मध्ये, म्हणजे बँडला ५० वर्षं झाली त्याच वर्षी. ते अखेरपर्यंत बँडचे म्होरके होते. चोन सेक मार्च २०२१मध्ये, अतिसो त्याच वर्षी, रूडी गोमिस एप्रिल २०२२मध्ये. दोन-तीन वर्षांत एवढी माणसं गेली.

ड्रमवर मुंतागा क्वाते आणि सॅक्सोफोनवर चेर्नो क्वाते यांच्यासारखे अनुभवी वादक, आणि न्जुगा जेंग यांचा मुलगा आल्फा जेंग गायनाला, अशा मंडळींनी बँड पुढे नेला.

मूळ माणसंच नसतील तर त्याला ऑर्केस्ट्रा बाओबाब का म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. पण हा बँड कोणा एकाच्या नावाचा कधीच नव्हता. पहिल्या पाच वर्षांतच त्यांचा सर्वांत लोकप्रिय गायक गेला आणि दुसऱ्यांनी त्याची गाणी आपल्या गळ्यावर घेतली. ग्रिओंच्या घरात बापाचं गाणं मुलगा गातो, तेव्हा ते उसनं गाणं म्हणून कोणी ऐकत नाही. आल्फा जेंग वडिलांच्या जागी उभे राहतात त्याला मी तसंच मानतो. हां, ज्यांना अतिसोंची गिटारच हवी आहे त्यांच्यासाठी १९८२ची ध्वनिमुद्रणं आहेत आणि ती कुठे जात नाहीत.

भारताशी काही संबंध?

बँडचा थेट नाही, पण त्यातल्या एकाचा आहे. हिंदी चित्रपट डाकारच्या थिएटरांत कित्येक दशकं लागत आले आहेत, आणि चोन सेक त्या गाण्यांचे भक्त होते. त्यांच्या आवाजातल्या हरकती ऐकताना आपल्या कानाला ओळखीचं काही जाणवतं. २००५च्या 'ओरिएंटेशन' या अल्बममध्ये त्यांनी भारतीय आणि अरब वादकांना सोबत घेऊन गाणी केली.

पहिल्यांदा ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?

'पायरेट्स चॉइस'पासून, आणि रात्री. 'उत्रुस ओरास' आणि 'कुंबा' ही दोन गाणी सलग ऐका. ती आवडली तर 'स्पेशालिस्ट इन ऑल स्टाइल्स' पूर्ण ऐका. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. वोलोफ गायकीची गोडी लागली की मग मागे जा, सत्तरच्या दशकातल्या लाये म्बुप यांच्या गाण्यांकडे. ती ध्वनिमुद्रणं खरखरीत आहेत, टेपचा आवाज येतो, पण क्लब भरात असतानाचा बँड तिथेच सापडतो. १९७८ची पॅरिसची गाणी 'ऑन व्हेरा सा' या नावाने मिळतात, त्यांत नाचाचा जोर जास्त आहे.

भाषा कळत नाही, चालेल का?

चालेल. पहिली काही ऐकणी बेसकडे लक्ष ठेवा. गायक आणि गिटार कितीही भटकले तरी तो जागेवर असतो, आणि त्याचा हात धरला की बाकीचं आपोआप उलगडत जातं. नंतर गाण्यांचे अर्थ शोधा. आणि इंटरनेटवर शोधताना नावांची स्पेलिंगं वेगवेगळी सापडतील, कारण वोलोफ नावं कोणी फ्रेंच पद्धतीने लिहितं, कोणी वोलोफच्या स्वतःच्या लेखनपद्धतीने. एकच गाणं तीन प्रकारे लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ऐकून खात्री करा.